धातूंमधलं अंतर्गत घर्षण आणि शिथिलीकरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धातूच्या आत घर्षण कसलं? कोण कुणावर घासतं?

घासत कुणीच नाही. नाव जुनं आहे आणि थोडं फसवं आहे. तार पिळून सोडली की ती इकडून तिकडे झोके घेते आणि हळूहळू थांबते. हवा काढून टाका, पकड घट्ट करा, तरी ती थांबतेच. म्हणजे ऊर्जा तारेतच कुठेतरी उष्णता होऊन जिरते. या जिरण्याला अंतर्गत घर्षण म्हणतात. ती जिरवण्याचं काम अणू करतात. ताण आला की त्यांना आपली जागा बदलावीशी वाटते, पण बदलायला वेळ लागतो, आणि या उशिरातच ऊर्जा हरवते.

हा उशीर मोजता येतो, म्हणून विषयात मजा आहे. एका साध्या झुलणाऱ्या तारेवरून अणू एका जागेवरून शेजारच्या जागेवर किती वेळात उडी मारतो हे सांगता येतं. धातू किती ऊर्जा खातो हा प्रश्न माझ्या मते दुय्यम आहे. कोणत्या वेगाने हलवल्यावर सर्वात जास्त खातो, खरी माहिती त्यात असते.

हे स्थितिस्थापक वागणं की प्लॅस्टिक वागणं?

दोन्ही नाही, मधलं. आदर्श स्थितिस्थापक पदार्थ ताण लावताक्षणी पूर्ण वाकतो आणि काढताक्षणी पूर्ण परत येतो. प्लॅस्टिक विकृती (विकृती म्हणजे ताणामुळे आकारात झालेला बदल) परत येतच नाही. तिसऱ्या प्रकारात पदार्थ लगेच थोडा वाकतो, मग ताण तोच असताना आणखी जरासा वाकत जातो. ताण काढला की तोही भाग हळूहळू, पण पूर्ण, परत येतो. क्लॅरेन्स झेनर यांनी याला अ‍ॅनइलॅस्टिसिटी हे नाव दिलं आणि १९४८ साली या विषयावर पुस्तक लिहिलं. निरीक्षण मात्र त्याहून कितीतरी जुनं आहे. विल्हेल्म वेबर यांना १८३५ मध्ये रेशमाच्या धाग्यात हेच दिसलं होतं: ताण बदलला की धागा उरलेली लांबी सावकाश गाठत राही.

क्रीप, म्हणजे कायम ताणाखाली धातूचं सावकाश वाढत जाणं, वेगळा. त्यात ताण काढल्यावर काही विकृती कायमची उरते. प्रयोगात दोन्ही एकत्र येतात आणि वेगळे करताना नाकी नऊ येतात.

शिथिलीकरण आणि अंतर्गत घर्षण हे एकच का?

कारण एक, मोजण्याच्या पद्धती दोन. विकृती कायम ठेवून ताण किती उतरतो ते बघत बसलात तर ताण-शिथिलीकरण मोजलं. तोच नमुना मागेपुढे हलवून दर फेरीला किती ऊर्जा गेली ते पाहिलं तर अंतर्गत घर्षण मोजलं. पहिल्या पद्धतीत शिथिलीकरणाचा काळ थेट घड्याळावर दिसतो. दुसरीत तो वारंवारतेत लपलेला असतो. तासन्‌तास चालणाऱ्या प्रक्रियेसाठी पहिली बरी, सेकंदात किंवा त्याहून लवकर संपणाऱ्या प्रक्रियेसाठी दुसरी.

ऱ्हास आणि तापमान यांच्या आलेखात शिखर का येतं? तापवत गेलं की अणू जास्त हलणार, मग ऊर्जेचा ऱ्हास वाढतच का जात नाही?

जवळजवळ प्रत्येकजण इथे अडतो.

अणू म्हणजे एक सांगकाम्या समजा. तुम्ही त्याला "उजवीकडे जा" म्हणता, थोड्या वेळाने "डावीकडे जा" म्हणता. हुकूम क्षणाक्षणाला बदलत राहिलात तर तो जागचा हलतच नाही, कारण उठेपर्यंत हुकूम उलटलेला असतो. काम नाही, म्हणून ऊर्जाही खर्च नाही. हुकूम फार सावकाश बदललात तर तो प्रत्येक वेळी कधीच पोचलेला असतो. तो तुमच्या बरोबरीने चालतो, मागे पडत नाही, तरीही ऱ्हास नाही. हुकूम बदलण्याचा काळ आणि त्याच्या हालचालीचा काळ सारखे असले की मात्र तो कायम अर्धवट मागे राहतो. ताण एकीकडे, विकृती मागून. तिथे ऱ्हास सर्वाधिक.

गणिताच्या भाषेत, कोनीय वारंवारता आणि शिथिलीकरणाचा काळ यांचा गुणाकार १ झाला की शिखर. एकच काळ असलेल्या प्रक्रियेच्या या शिखराला डिबाय शिखर म्हणतात. वारंवारतेच्या लॉग अक्षावर त्याची अर्ध्या उंचीवरची रुंदी १.१४ दशक असते (एक दशक म्हणजे वारंवारता दहापट). हा आकडा लक्षात ठेवा, धातुकाचेच्या, म्हणजे स्फटिक न होता गोठलेल्या धातूच्या, प्रश्नात तो लागेल.

प्रत्यक्षात वारंवारता एकच ठेवून तापमान बदलणं सोपं जातं. तापमान वाढलं की उडीचा काळ घातांकी दराने कमी होतो, म्हणजे सांगकाम्याच चपळ होत जातो. थंड असताना तो फार मंद, गरम असताना फार चपळ, आणि मध्ये कुठेतरी शिखर.

मोजतात कसं?

जुनं आणि अजूनही प्रामाणिक साधन म्हणजे पिळाचा लंबक. तारेच्या टोकाला आडवा दांडा, त्याला आरसा, आणि झोके मोजायचे. वारंवारता साधारण १ हर्ट्झ. पातळ पट्ट्यांसाठी एका टोकाला पकडलेली थरथरती पट्टी वापरतात, वारंवारता शेकडो हर्ट्झ ते काही किलोहर्ट्झ. त्याहून वर अल्ट्रासाउंड. हल्ली प्रयोगशाळांत डीएमए (डायनॅमिक मेकॅनिकल अ‍ॅनॅलिसिस) यंत्र असतं. ते नमुन्याला ठरलेल्या वारंवारतेने हलवतं आणि ताण व विकृती यांच्यातला कलाफरक, म्हणजे विकृती ताणाच्या किती मागे पडते तो कोन, देतं.

एकाच पद्धतीवर विसंबू नये. शिखर खरं असेल तर १ हर्ट्झलाही दिसतं आणि १ किलोहर्ट्झलाही, फक्त वेगळ्या तापमानाला.

टॅन डेल्टा, क्यू, लॉगरिदमिक डिक्रिमेंट: यांतलं काय वापरायचं?

तिन्ही ऱ्हासाचीच मापं: टॅन डेल्टा म्हणजे कलाफरकाच्या कोनाचा टॅन, क्यू जितका मोठा तितके झोके जास्त टिकतात, आणि लॉगरिदमिक डिक्रिमेंट म्हणजे लागोपाठच्या दोन झोक्यांच्या उंचीच्या गुणोत्तराचा लॉग. ऱ्हास लहान असेल तर सगळं एकच. क्यूचा व्यस्त म्हणजेच टॅन डेल्टा, आणि त्याला पायने (π) गुणलं की लॉगरिदमिक डिक्रिमेंट. क्यू १,००० असेल तर दर फेरीला सुमारे ०.६ टक्के ऊर्जा जाते आणि सुमारे ३१८ फेऱ्यांत झोक्याची उंची मूळच्या ३७ टक्क्यांवर येते. दोन लेखांतले आकडे ताडून पाहताना पायचा गुणक विसरल्याने झालेले घोळ मी भरपूर पाहिले आहेत.

स्नूक शिखर एवढं प्रसिद्ध का?

कारण त्यात सगळं स्वच्छ दिसतं. याक्ब स्नूक यांनी १९४१ मध्ये दाखवलं की लोखंडातलं हे शिखर त्यात विरघळलेल्या कार्बन किंवा नायट्रोजनमुळे येतं.

साध्या तापमानाच्या लोखंडात अणूंची रचना घनाची असते: आठ कोपऱ्यांवर अणू आणि मध्यभागी एक. कार्बनचा छोटा अणू या अणूंमधल्या फटीत बसतो. फट सगळीकडून सारखी नसते. एका दिशेला ती आखूड असते, त्यामुळे कार्बन त्या दिशेने शेजाऱ्यांना दूर ढकलतो. अशा फटी तीन प्रकारच्या, तीन अक्षांच्या. ताण नसताना कार्बन तिन्हींत सारखा वाटलेला असतो. लोखंड एका अक्षाच्या दिशेने ताणलं की त्या अक्षाच्या फटी किंचित सोयीच्या होतात आणि कार्बन तिकडे उड्या मारतो. ताण उलटला की परत.

१ हर्ट्झच्या आसपास मोजलं तर कार्बनचं शिखर ४० अंश सेल्सिअसच्या जवळ येतं, नायट्रोजनचं त्याहून खाली, खोलीच्या तापमानाजवळ. कार्बनच्या उडीची सक्रियण ऊर्जा, म्हणजे उडी मारताना ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा, सुमारे ०.८७ इलेक्ट्रॉनव्होल्ट.

आता याचा अर्थ बघा. ४० अंशांना कार्बनची उडी सेकंदाच्या काही अंशात होते. त्यावरून विसरणाचा (अणूंच्या हळूहळू पसरण्याचा) गुणांक काढला तर तो वर्गमीटर प्रतिसेकंद या एककात १० च्या उणे २० व्या घाताच्या आसपास येतो. एवढ्या मंद विसरणात अख्ख्या दिवसात कार्बन शंभर नॅनोमीटरही सरकत नाही. थर कापून, रासायनिक विश्लेषण करून हे मोजायला गेलात तर आयुष्य जाईल. लंबक मात्र एका उडीकडेच बघतो, म्हणून त्याला सकाळ पुरते.

कारखान्याला याचा उपयोग काय?

शिखराची उंची फक्त विरघळलेल्या कार्बनच्या प्रमाणात असते. लोखंडाशी संयोग पावून कार्बाइड होऊन बसलेला कार्बन त्यात मोजला जात नाही. रासायनिक विश्लेषण एकूण कार्बन सांगतं, स्नूक शिखर मोकळा कार्बन सांगतं, तोही दशलक्षात काही भागांइतका कमी असला तरी. गाड्यांच्या पत्र्यात हाच मोकळा कार्बन महत्त्वाचा. पत्र्याला आकार दिल्यावर रंग भाजताना, साधारण १७० अंशांना २० मिनिटं, हा कार्बन डिसलोकेशनांभोवती, म्हणजे स्फटिकातल्या रांगा चुकलेल्या रेषांभोवती, गोळा होऊन पत्रा कडक करतो. मोकळा कार्बन कमी पडला तर पत्रा कडक होत नाही. जास्त झाला तर पत्रा गोदामातच जुना होतो आणि दाबताना त्यावर वळ उठतात.

वारंवारता बदलली तर शिखर किती सरकतं?

स्नूकच्या कार्बनसाठी १ हर्ट्झवरून १० हर्ट्झवर गेलात तर सुमारे २४ अंश वर. सरकण्याचं प्रमाण फक्त सक्रियण ऊर्जेवर ठरतं, म्हणून दोन वारंवारतांवरून ती लगेच काढता येते. त्यामुळेच वारंवारता न सांगता "अमुक तापमानाला शिखर आहे" असं लिहिणाऱ्याचं वाक्य मला अर्धवट वाटतं.

फटीत न बसणाऱ्या, मोठ्या अणूंचं काय?

सुट्टा जस्ताचा अणू तांब्याच्या जागी बसला तर तो सगळीकडे सारखाच ढकलतो, त्याला दिशा नसते. पण दोन जस्ताचे अणू शेजारी आले की जोडीला दिशा मिळते आणि ताणाखाली ती जोडी वळू शकते. ७०:३० पितळेत झेनर यांना हेच शिखर मिळालं. उडी स्फटिकातल्या अणू नसलेल्या रिकाम्या जागांच्या मदतीने होते, म्हणून बरंच जास्त तापमान लागतं.

गोर्स्की परिणाम वेगळ्या जातीचा आहे. पट्टी वाकवली की एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते, आणि विरघळलेला हायड्रोजन दाबलेल्या बाजूकडून ताणलेल्या बाजूकडे चालत जातो. इथे एक उडी नाही, पट्टीची पूर्ण जाडी पार करायची आहे. गोर्स्की यांनी १९३५ मध्ये कल्पना मांडली. नायोबियमसारख्या धातूत हायड्रोजन इतका चपळ असतो की मिलिमीटरभर जाडी खोलीच्या तापमानालाही मिनिट-दोन मिनिटांत पार होते.

कणसीमांचं शिखर म्हणजे काय?

ग तिंगस्वी यांनी १९४७ मध्ये शिकागोत ९९.९९१ टक्के शुद्ध अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर पिळाच्या लंबकाने मोजमाप केलं. अनेक कणांच्या (धातूतला कण म्हणजे एक छोटा स्फटिक) तारेत ०.८ हर्ट्झला २८५ अंश सेल्सिअसजवळ मोठं शिखर आलं, एकाच स्फटिकाच्या तारेत नाही. निष्कर्ष: कणांच्या सीमा एकमेकींवर सरकतात, आणि सीमांच्या टोकांशी अडतात म्हणून विकृती परत येते. इथे तरी "घर्षण" हा शब्द थोडा शोभतो.

पुढे एकस्फटिकी नमुन्यांतही मिळतीजुळती शिखरं सापडली आणि त्यांचं श्रेय डिसलोकेशनांना द्यावं लागलं. वाद बराच चालला. मूळ निष्कर्ष टिकला असं मला वाटतं, पण त्या तापमानातलं प्रत्येक शिखर कणसीमेचं असं कुणी म्हणू नये.

डिसलोकेशन किती भाग घेतात?

भरपूर. थंड अवस्थेत ठोकलेल्या किंवा ओढलेल्या तांब्यात, अ‍ॅल्युमिनियममध्ये, शिशात खूप कमी तापमानाला एक शिखर येतं. किलोहर्ट्झमध्ये मोजलं तर तांब्यासाठी ते द्रव नायट्रोजनच्या तापमानाच्या आसपास असतं. ते पिएरो जॉर्जो बोर्दोनी यांच्या नावाने ओळखलं जातं. डिसलोकेशनची रेषा शेजारच्या खाचेत सरकताना आधी एक छोटा बाक पुढे टाकते, ते त्याचं कारण.

ग्रानाटो आणि ल्युके यांनी १९५६ मध्ये डिसलोकेशनला खिळ्यांमध्ये ताणलेल्या तारेसारखं मानलं. खिळे म्हणजे अशुद्धीचे अणू. झोका लहान असेपर्यंत तार खिळ्यांमध्येच थरथरते. मोठा झाला की खिळ्यांवरून सुटते आणि ऱ्हास एकदम वाढतो. तेव्हा ऱ्हास झोक्याच्या उंचीवर अवलंबून असेल तर संशयाची सुई आधी डिसलोकेशनांकडे वळवावी. स्नूक शिखर असं वागत नाही.

अणू हललेच नाहीत तर ऱ्हास शून्य?

नाही. पट्टी वाकवली की दाबलेली बाजू किंचित तापते, ताणलेली गार होते, आणि उष्णता आडवी वाहते. तीही शिथिलीकरणच. १ मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत याचं शिखर १५० हर्ट्झच्या आसपास येतं, जाडी अर्धी केली की चौपट वारंवारतेला. पिळात आकारमान बदलत नाही, म्हणून हा ऱ्हास तिथे जवळजवळ नसतो.

धातुकाचेत तर ठरलेल्या फटीच नाहीत. मग उडी कुठून कुठे?

१९६० मध्ये कॅल्टेकमध्ये क्लेमेंट, विलेन्स आणि दुवेझ यांनी सोने ७५ आणि सिलिकॉन २५ अणुटक्के असा मिश्रधातू सेकंदाला दहा लाख अंशांच्या आसपासच्या वेगाने थंड केला आणि स्फटिकच होऊ दिले नाहीत. पुढे झिर्कोनियमवर आधारलेले असे मिश्रधातू आले, ज्यांना सेकंदाला एखादा अंश एवढा वेगही पुरतो.

अशा पदार्थात प्रत्येक अणूचा शेजार वेगळा. त्यामुळे उडीचा एकच काळ नसतो, काळांचा पसारा असतो. हायड्रोजन घातलेल्या धातुकाचेत हे छान दिसतं. हायड्रोजनचं शिखर येतं, पण ते १.१४ दशकांपेक्षा कितीतरी पसरट. प्रत्येक फटीची सक्रियण ऊर्जा निराळी आणि शिखर त्या सगळ्यांची बेरीज. ताण-शिथिलीकरणातही तेच. साध्या घातांकी वक्राऐवजी ताणलेला (आधी झपाट्याने, मग रेंगाळत उतरणारा) घातांकी वक्र बसवावा लागतो, आणि त्याचा घातांक बरेचदा ०.५ च्या आसपास येतो.

एकच काळ काढून "हा या काचेचा शिथिलीकरणाचा काळ" म्हणणं म्हणजे अख्ख्या गावाचं एकच वय सांगण्यासारखं.

अल्फा आणि बीटा शिथिलीकरण म्हणजे काय?

अल्फा म्हणजे काचसंक्रमणाची, म्हणजे तापवल्यावर घट्ट काच मऊ होते तेव्हाची, हालचाल. असंख्य अणू एकमेकांना जागा देत सरकतात आणि काच द्रवासारखी वाहू लागते. वारंवारतेनुसार ते सरकतं, पण एका सरळ रेषेत नाही. काचसंक्रमणाजवळ त्याची भासमान सक्रियण ऊर्जा अनेक इलेक्ट्रॉनव्होल्ट होते. कुठल्याही एका अणूची उडी इतकी महाग नसते. तो आकडा सामूहिक हालचालीचा आहे.

बीटा त्याहून कमी तापमानाला, किंवा त्याच तापमानाला जास्त वारंवारतेला दिसतं. जोहरी आणि गोल्डस्टीन यांनी १९७० मध्ये साध्या, ताठ रेणूंच्या काचांमध्येही असं दुय्यम शिथिलीकरण असतं हे दाखवलं होतं, म्हणून त्यांचं नाव लागतं. धातुकाचांत ते प्रत्येक मिश्रधातूत निराळ्या रूपात भेटतं. लँथेनमवर आधारलेल्या काचांत वेगळं, ठसठशीत शिखर. पॅलेडियमच्या काचांत अल्फाच्या उताराला खांदा. झिर्कोनियमच्या बऱ्याच काचांत फक्त लांबलेली शेपटी. शेपटी दिसली की बीटा नाहीच असं म्हणण्याची घाई करू नका.

बीटाची सक्रियण ऊर्जा साधारणपणे वायुस्थिरांक आणि काचसंक्रमण तापमान यांच्या गुणाकाराच्या २६ पट येते. हा अनुभवातला ठोकताळा आहे, नियम नव्हे. काचसंक्रमण ३५० अंश सेल्सिअसला असेल तर मोलमागे सुमारे १३५ किलोजूल. ताणाखाली जे छोटे छोटे अणुसमूह घसरून प्लॅस्टिक विकृती सुरू करतात, त्यांची ऊर्जाही याच पट्ट्यात पडते. बीटामध्ये इतका रस का, ते यावरून कळेल. ज्या काचेत बीटा ठळक, ती थोडी कमी ठिसूळ असण्याची आशा असते. आशाच, हमी नाही.

एकाच काचेचे दोन नमुने वेगळे का वागतात?

काच म्हणजे गोठलेला अपूर्ण प्रवास. वेगाने थंड केलेली काच जास्त मोकळी राहते, तिच्यात ऱ्हास जास्त. काचसंक्रमणाच्या थोडं खाली तापवून ठेवली की अणू जरा आटोपशीर बसतात, कडकपणा वाढतो, ऱ्हास उतरतो. उलटंही करता येतं. खोलीचं तापमान आणि द्रव नायट्रोजन यांच्यात पुन्हा पुन्हा फिरवलं तर काही काचा पुन्हा मोकळ्या होतात, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणून नमुन्याची रासायनिक रचना लिहून भागत नाही, तो कसा थंड झाला आणि नंतर किती तापला तेही लिहावं लागतं.

धातुकाचेवर पोलादी गोळी खूप वेळ उड्या मारते. म्हणजे अंतर्गत घर्षण कमी?

त्या प्रात्यक्षिकाचं श्रेय बरंचसं दुसऱ्या गुणाला जातं. धातुकाच सुमारे २ टक्के विकृतीपर्यंत स्थितिस्थापक राहते, त्यामुळे गोळीच्या आघाताने तिच्यावर खळगा पडत नाही. साध्या धातूत प्रत्येक उडीची बरीच ऊर्जा खळगा पाडण्यात जाते. ते प्लॅस्टिक काम आहे, शिथिलीकरण नाही.

कमी ऱ्हास चांगला की जास्त?

घंटेला कमी हवा, यंत्राच्या बैठकीला जास्त. घंटेचं कासं कथिल २० टक्क्यांच्या आसपास असल्याने कडक आणि निनादी होतं. राखाडी ओतीव लोखंडातले ग्रॅफाइटचे पापुद्रे थरथर गिळतात, म्हणून लेथची बैठक त्याची. शिशाची घंटा खोलीच्या तापमानाला थप्प आवाज करते, द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून काढली की किणकिणते. धातू तोच, फक्त आतली हालचाल गोठलेली.

मूलभूत भौतिकीत याचा त्रास होतो का?

होतो. पिळाच्या तराजूने गुरुत्वस्थिरांक मोजताना झोक्याच्या काळावरून हिशेब करतात आणि तारेचा कडकपणा वारंवारतेनुसार बदलत नाही असं धरतात. काझुआकी कुरोदा यांनी १९९५ मध्ये दाखवलं की अ‍ॅनइलॅस्टिक तारेत तो बदलतो आणि उत्तर १/(π × क्यू) इतक्या प्रमाणात जास्त येतं. क्यू १,००० असेल तर दशलक्षात सुमारे ३१८ भाग. त्या क्षेत्रात ही चूक डोंगराएवढी आहे. गुरुत्वलहरी पकडणाऱ्या लायगोमध्येही आरसे टांगण्यासाठी पोलादी तारांच्या जागी पुढे सिलिकाच्या काचेचे तंतू आले, कारण तारेतला ऱ्हास म्हणजे आरशाची औष्णिक थरथर.

माझ्या आलेखात नवं शिखर आलं आहे. खरं मानू का?

आधी वारंवारता बदला. शिथिलीकरण असेल तर शिखर सरकेल. जागेवरच राहिलं तर ते अवस्थाबदलाचं किंवा स्फटिकीभवनाचं असू शकतं, मग तापवण्याचा वेग बदलून बघा. थंड करताना परत मोजा. धातुकाचेत काचसंक्रमणानंतर टॅन डेल्टा चढून धाडकन कोसळला, तर बहुधा काच स्फटिक झाली. तो नमुना पुन्हा वापरू नका.

मग पकड तपासा. पातळ धातुकाचेच्या पट्ट्यांवर आम्हाला एकदा १२० अंशांच्या जवळ सुरेख शिखर मिळालं. वारंवारतेनुसार ते सरकायचं, पुन्हा पुन्हा यायचं, आणि दोन आठवडे आम्ही त्याला बीटा म्हणत होतो. मिश्रधातू बदलला तरी ते तिथेच, उंचीही तीच. शेवटी पट्टीऐवजी साध्या पोलादाचा तुकडा लावला, तेव्हाही शिखर आलं. काचसंक्रमण खरंच होत होतं, पण पट्टी चिकटवायला वापरलेल्या गोंदाचं.